सुंबावा नांवाची घोरपड व तिचा आहार

इ. स. १९२८ च्या ऑक्टोबरच्या २३ व्या तारखेस लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या शास्त्रीय सभेंत एक जिवंत कोमोडो घोरपड आणण्यांत आली. तिचें नांव सुंबावा. सोसायटीच्या प्राणिसंग्रहालयांतील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख जोन प्रॉक्टर यांनीं तिजविषयीं टिपण वाचलें, व तें त्या वर्षाच्या कार्यवृत्तांत छापलें गेलें. सुंबावेनें प्रॉक्टरबाईंच्या हातून एक मोठी कोंबडी, कांहीं अंडीं व एक कबूतर खाल्लें. कोंबडी गिळण्याची धडपड चालू असतांहि तिनें अंग थोपटूं व खाजवूं दिलें.

पाळीव घोरपडींच्या बखरवजा हकीकती पुष्कळ सांपडतात. तारीख, स्थळ व जाणती सभा साक्षीस असलेला असा कागद विरळा. तथापि या कागदाचा अर्थ मात्र बहुधा उलटा लावला जातो. सुंबावेची शेपूट धरून तिला वळवीत बाई बागेंतून हिंडत, ही गोष्ट लोकांच्या तोंडीं राहिली व त्यावरून घोरपड कुत्र्यासारखी मायाळू ठरली. आमच्या मतें थोपटण्याची नोंद या फेरफटक्याहून मोलाची आहे. पोट भरलेल्या घोरपडीनें हिंडावें यांत नवल नाहीं. तोंडांत घांस असतांना तिनें परका स्पर्श सोसावा, हें नवल.

याचें कारण घोरपडीच्या जिभेंत आहे. दुभंगलेली जीभ बाहेर काढून ती हवेंतील गंधाचे कण टिपते व टाळूंतील एका इंद्रियाकडे पोंचविते. कोंबडी हाताळलेला हात तिच्या लेखीं कोंबडीच होय. तिचा चावा बहुतेक वेळां रागाचा नसून गफलतीचा असतो. म्हणून माणसाळणें व खाण्याची झेंप आवरणें या दोन निराळ्या गोष्टी मानल्या पाहिजेत.

इ. स. २००१ च्या जूनमध्यें लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत याचा दाखला मिळाला. कोमोडो घोरपडीच्या पिंजऱ्यांत शिरणाऱ्या एका वृत्तपत्र-संपादकांस पांढरे बूट काढावयास सांगण्यांत आलें. तिला पांढरे उंदीर खाण्यास मिळत, तेव्हां बुटांस ती भक्ष्य समजेल ही भीति. बूट निघाले आणि घोरपडीनें उघडा पाय धरला. शंका रंगाची घेतली, पायाची घेतली नाहीं!

हल्लीं जाणते पाळणारे हातानें घांस देत नाहींत. लांब चिमटा वापरतात, हात धुवून मगच जनावरास शिवतात. एक रंगीत काठी दाखवून, तिला नाक लागल्यावरच खाणें देतात; काठी नाहीं तर खाणेंहि नाहीं, असें जनावर शिकतें. त्यास तेवढी बुद्धि असते काय, असें कोणी विचारील. इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आफ्रिकेंतील काळ्या गळ्याच्या जातीच्या ८ अल्पवयी घोरपडींपुढें भक्ष्य घातलेली, झांकण असलेली नळी ठेविली होती. आठांनींहि ती पहिल्याच खेपेस १० मिनिटांच्या आंत उघडली. दुसऱ्या खेपेस वेळ आणखी कमी लागला. जी भूक झेंप घालावयास लावते, तीच शिकवितेहि.

आमच्याकडे घोरपडीची कीर्ति झाली ती पकडीसाठीं. सिंहगडच्या प्रसंगीं सभासदाच्या बखरींत घोरपड नाहीं. यशवंती आहे ती पोवाड्यांत. तिला खाऊं काय घालीत, हें विचारण्याची गरज शाहिरास वाटली नाहीं. वाचकांनींहि प्रयोगास प्रवृत्त होऊं नये, इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्याकडील घोरपड पकडणें वा बाळगणें गुन्हा आहे.

प्रॉक्टरबाई इ. स. १९३१ मध्यें, अवघ्या ३४ व्या वर्षीं वारल्या. सुंबावेविषयींचें त्यांचें टिपण दोन-तीन पानांचेंच आहे. ज्यांच्या संग्रहीं कार्यवृत्ताचा तो खंड असेल, त्यांनीं तें काढून आहाराचा मजकूर तेवढा पुन्हां वाचावा.