कोणत्या चिपशी बोलतो आहोत?

एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. गुरुजी "तिसरी!" म्हणाले की पुढच्या सगळ्या सूचना तिसरीसाठी, "चौथी!" म्हणेपर्यंत. संगणकाच्या पोटातही असाच कारभार चालतो, आणि त्याचा एक जुना दाखला आम्हाला फार बोलका वाटतो.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर जाहीर केला. तो मुळात जपानच्या बिझीकॉम कंपनीच्या गणकयंत्रासाठी योजलेला होता. त्याला पिना अवघ्या १६. त्यामुळे पत्ता आणि माहिती दोन्ही चारच तारांवरून जात. १२ बिटांचा पत्ता तीन हप्त्यांत पाठवावा लागे. स्मृतीसाठी ४००२ ही वेगळी चिप होती, तिच्यात ३२० बिट मावत. अशा सगळ्या चिप्स त्याच चार तारांना जोडलेल्या. म्हणजे बोललेले सर्वांच्या कानी पडणार! मग ऐकायचे कोणी? त्यासाठी चार निवड-तारा होत्या. एका तारेवर चार चिप्सचा एक गट. त्यांतली नेमकी कोणती, हे पत्त्यातल्या दोन बिटांवरून ठरे.

चारांहून अधिक गट हवे असतील तर? गट निवडण्याच्या आज्ञेसाठी तीन बिट वापरले जात, आणि ते तीन तारांवर जसेच्या तसे उमटत. (तिन्ही शून्य असले की चौथी तार जागी होई.) तीन तारांच्या चालू-बंद जुळण्या २×२×२, म्हणजे ८. त्यांची उकल करणारा डिकोडर बाहेरून जोडला की आठ गट मिळत. डिकोडर नसताना ०११ ही जुळणी चुकून दिली, तर दोन तारा एकदम जाग्या होत. लिहिलेले दोन्हीकडे जाई. वाचताना दोघेही एकाच वेळी उत्तर देऊ लागत. डिकोडरमुळे एका वेळी एकच गट बोले, हा त्याचा दुसरा आणि आमच्या मते मोठा फायदा.

खरी मेख पुढेच आहे. दिलेली निवड पुढची आज्ञा येईपर्यंत टिके. पण सध्या कोणता गट निवडलेला आहे, हे विचारण्याची सोयच ४००४ मध्ये नव्हती. एखाद्या उपप्रोग्रॅमने गट बदलला आणि तो तसाच परतला, तर पुढचे आकडे भलत्याच चिपमध्ये जात. उत्तर चुके, यंत्र मात्र कुरकुरत नसे.

१९७४ च्या ४०४० मध्ये इंटरप्ट आले. आता प्रोग्रॅम मध्येच थांबवून दुसरा चालू शकत होता. साहेब आले, पहिलीची तोंडी घेऊन गेले. नंतर गुरुजी नुसते "पुढची ओळ वाचा" म्हणाले, तर वाचणार कोण? म्हणून ४०४० मध्ये निवडलेला गट वाचून घेणारी आज्ञा घातली गेली. आधी नोंद घ्यायची, काम झाले की पूर्वीची निवड परत लावायची.

हा प्रश्न अजून जिवंत आहे. आजच्या छोट्या यंत्रांतही निवड-तारा कमी आणि चिप्स जास्त, ही अडचण येतेच. लिनक्सच्या गाभ्यात २०२० मध्ये यासाठी एक ड्रायव्हर आला. त्याची रीत निराळी: आधी निवड करायची आणि तिला कुलूप लावायचे, संपूर्ण संदेश पोहोचला की कुलूप काढायचे. तोवर निवड कोणीच बदलू शकत नाही. नोंद ठेवण्यापेक्षा हे आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. मात्र संदेश लांबला, तर त्या तारेवरच्या बाकीच्या चिप्सना ताटकळत बसावे लागते.