हरिपूरची पेवे आणि हळदीतील पिवळे द्रव्य

इ. स. 1801 मध्ये मिरजेच्या पटवर्धनांपासून विभक्त होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीचे स्वतंत्र संस्थान उभारले, आणि कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील, तसेच साताऱ्याकडील वाई-कराड भागातील हळदीला कालांतराने येथे जी पेठ मिळाली, ती देशातील हळदीच्या प्रमुख बाजारपेठांमध्ये गणली जाऊ लागली. या पेठेचा आधार व्यापाऱ्यांच्या भांडवलाइतकाच हरिपूरच्या जमिनीत होता. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील या गावात माल साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे खणली जात. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असलेले, मातीतच कोरलेले कोठार. त्याला आतून पाल्याचे अस्तर देऊन वाळलेली हळकुंडे भरली, की तोंड मातीने लिंपून टाकले जाई. आतील प्राणवायू हळूहळू संपून कार्बन डायऑक्साइड साचत असल्याने किडीला तेथे जगता येत नसे, आणि भाव येईपर्यंत माल राखता येई. हाच वायू माणसाच्याही जिवावर उठू शकत असल्याने पेव उघडल्यावर आत हवा खेळू देणे आवश्यक असे, आणि हमालांच्या या जोखमीची नोंद हळदीच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. 2005 च्या महापुराचे पाणी पेवांत शिरून मोठे नुकसान झाले, आणि साठवणूक अधिकाधिक गोदामे व शीतगृहांकडे वळली.

या व्यापारात मोल होते ते प्रामुख्याने रंगाचे. शेतातून काढलेली हळद काहिलीत शिजवून, उन्हात वाळवून आणि घासून चकाकी आणल्यावर सौद्यात तिची पारख होई ती पिवळेपणावरून व हळकुंडाच्या आकारावरून. हा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते कर्क्युमिन, वाळलेल्या हळदीत साधारणपणे 2 ते 5 टक्के असते. 1815 मध्ये वोगेल आणि पेलेतिए यांनी ते प्रथम वेगळे काढले. जखमेवर हळद लावण्याची घरोघरची रीत त्याहून कितीतरी जुनी, परंतु दाहावर, म्हणजे इजा वा जंतू यांच्याविरुद्ध शरीरात उठणाऱ्या सूज-लालीच्या प्रतिक्रियेवर, कर्क्युमिनचा परिणाम होतो हे 1973 मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडले. अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर 1995 मध्ये दिलेले पेटंट भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या लिखित पुराव्यांच्या आधारे आव्हान दिल्यावर 1997 मध्ये रद्द झाले, हे तर सर्वश्रुतच आहे.

पेशीच्या आत काय घडते याचा उलगडा मात्र त्या मानाने अलीकडचा. 1995 मध्ये सिंग आणि अग्रवाल यांनी दाखवले, की दाहाशी संबंधित अनेक जनुके चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा प्रथिनसमूह कर्क्युमिनमुळे पेशींमध्ये रोखला जातो. पुढे 2011 मध्ये इटलीतील संशोधकांना आढळले, की जंतूंच्या आवरणातील द्रव्याने मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, चेतवल्या असता हाच प्रथिनसमूह तंतुकणिकेतून सायट्रेट बाहेर नेणाऱ्या वाहक प्रथिनाची निर्मिती वाढवतो. तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जा तयार करणारे अंगक. तेथून बाहेर आलेल्या सायट्रेटपासून पेशी मेदाम्ले बनवते, आणि दाह पुढे चालवणाऱ्या काही रेणूंच्या निर्मितीलाही ते उपयोगी पडते. अशा रीतीने सस्तन प्राण्यांच्या पेशीत दाह आणि मेदनिर्मिती एकाच वाटेवर येतात, व सांगलीच्या सौद्यात रंगासाठी पारखले गेलेले द्रव्य त्या वाटेच्या आरंभीच परिणाम करू शकते, ही जोडणी खरोखरच विलक्षण आहे.

तरीही प्रयोगशाळेतील पात्रात पेशींवर जे दिसते, ते आहारातील हळदीने शरीरात तसेच घडेल असे मानता येत नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि शोषलेलेही यकृतात झपाट्याने बदलून शरीराबाहेर टाकले जाते. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीची जाहिरात करताना या मर्यादेचा उल्लेख टाळणे हे ग्राहकावर अन्याय करणारे ठरते.