समलिंगी विवाह आणि बायबल : भारतीय चर्चमधील मतप्रवाह

भारतात समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नाही. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिला आणि या विषयावर कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाचा असल्याचे स्पष्ट केले. या निकालाच्या फेरविचारासाठी दाखल झालेल्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या.

न्यायालयातील वाद अशा रीतीने संपला असला, तरी ख्रिस्ती समाजातील चर्चा त्यामुळे थांबलेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २.३ टक्के आहे. हा समाज अनेक चर्च आणि परंपरांमध्ये विभागलेला असून त्या सर्वांच्या वतीने बोलणारी एकच संस्था नाही. बायबलचा अधिकार मात्र सर्वांनाच मान्य आहे. मतभेद आहेत ते मोजक्या वचनांचा अर्थ कसा लावावा, याविषयी.

तीन वेगळे प्रश्न

या चर्चेत तीन प्रश्नांची वारंवार सरमिसळ होते. समलिंगी संबंध हा गुन्हा मानावा काय, हा पहिला प्रश्न. अशा जोडप्याला चर्चने आशीर्वाद द्यावा काय, हा दुसरा. आणि त्यांच्या सहजीवनाला विवाह म्हणावे काय, हा तिसरा. एकच चर्च या तीन प्रश्नांना तीन निरनिराळी उत्तरे देऊ शकते.

मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांची भूमिका हे याचे ठळक उदाहरण होय. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ ची व्याप्ती मर्यादित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल रद्द केला. त्यावेळी कार्डिनल ग्रेशियस यांनी कॅथलिक चर्च समलिंगी विवाहाच्या विरोधात असल्याचे सांगितले. मात्र समलिंगी व्यक्तींना चर्चने कधीही गुन्हेगार मानलेले नाही, असेही त्यांनी त्याचबरोबर स्पष्ट केले.

सर्वच ख्रिस्ती संघटनांना ही भूमिका मान्य नव्हती. कलम ३७७ विषयीच्या २०१८ च्या सुनावणीत अपोस्टोलिक अलायन्स ऑफ चर्चेस आणि उत्कल ख्रिश्चन असोसिएशन या संघटनांनी हे कलम कायम ठेवण्याच्या बाजूने हस्तक्षेप केला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाचा समावेश नाही. पहिला प्रश्न कायद्यापुरता तरी अशा प्रकारे निकाली निघाला आहे.

आक्षेपाची वचने

समलिंगी संबंधांच्या संदर्भात बायबलमधील साधारणपणे सहा उताऱ्यांचा आधार घेतला जातो. जुन्या करारातील उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायातील सदोम नगराची कथा, तसेच लेवीय १८:२२ आणि २०:१३ ही तीन स्थळे आहेत. नव्या करारात रोमकरांस पत्र १:२६-२७, करिंथकरांस पहिले पत्र ६:९ आणि तीमथ्याला पहिले पत्र १:१० यांचा उल्लेख होतो.

पारंपरिक मताचे अभ्यासक मात्र या सहा उताऱ्यांपासून प्रारंभ करीत नाहीत. त्यांच्या मांडणीचा पाया उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. देवाने मनुष्याला नर व नारी असे निर्माण केले आणि पुरुष आपल्या स्त्रीशी जडून एकदेह होईल, असे तेथे सांगितले आहे. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात येशूने याच वचनांचा आधार घेतला आहे. त्यामुळे विवाहाची व्याख्या सृष्टीच्या रचनेतच दिलेली असून ती बदलण्याचा अधिकार चर्चला नाही, असे हे अभ्यासक मानतात.

यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, मत्तयातील त्या प्रसंगी येशूला घटस्फोटाविषयी विचारण्यात आले होते. त्याने तेथे पत्नीला सहजपणे टाकून देण्याच्या प्रथेला विरोध केला. समलिंगी संबंधांविषयी त्याचे एकही वचन शुभवर्तमानांत आढळत नाही, याकडेही हे अभ्यासक लक्ष वेधतात.

सदोमच्या कथेविषयीही दोन वाचने आहेत. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचे पाप म्हणून गर्व, अन्नाची विपुलता आणि दीनदुबळ्यांविषयीची बेपर्वाई यांचा निर्देश आहे. याउलट, यहूदाच्या पत्रातील सातव्या वचनात त्या नगराच्या लैंगिक अनाचाराचा उल्लेख येतो. कथेत वर्णिलेला प्रसंग पाहुण्यांवरील सामूहिक अत्याचाराचा आहे, याबाबत मात्र फारसे दुमत नाही.

लेवीयातील मनाई स्पष्ट शब्दांत आहे. वाद आहे तो ती आज बंधनकारक आहे काय, याचा. याच ग्रंथात दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र वापरण्यास मनाई आहे आणि ती आज कोणीही पाळीत नाही, हा एका बाजूचा युक्तिवाद. विधिनियम कालबाह्य झाले तरी नीतिनियम कायम राहतात आणि नव्या करारात या मनाईचा पुनरुच्चार झाला आहे, हे दुसऱ्या बाजूचे प्रत्युत्तर.

अनुवादकाची कसोटी

नव्या करारातील वाद बऱ्याच अंशी दोन ग्रीक शब्दांभोवती फिरतो. करिंथकरांच्या पत्रात पौलाने दुराचरण करणाऱ्यांची यादी दिली आहे. तीत 'मालाकोई' आणि 'आर्सेनोकोइताई' हे शब्द येतात. पहिल्याचा शब्दशः अर्थ 'मऊ' असा आहे. दुसरा 'पुरुष' आणि 'शय्या' या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला असून पौलापूर्वीच्या ग्रीक वाङ्मयात तो सापडत नाही.

लेवीय २०:१३ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे दोन घटकशब्द शेजारी शेजारी आले आहेत. पौलाने तेथूनच हा जोडशब्द घडविला असावा आणि म्हणून लेवीयातील मनाई त्याला अभिप्रेत असावी, असे पारंपरिक अभ्यासक म्हणतात. तीमथ्याच्या पत्रात हा शब्द माणसांची चोरी करून विक्री करणाऱ्यांच्या लगत येतो, याकडे इतर अभ्यासक निर्देश करतात. त्यांच्या मते शोषण करणाऱ्या संबंधांचा हा निषेध आहे; परस्परनिष्ठ जोडप्यांचा विचार पौलापुढे नव्हता.

अनुवादाचा परिणाम किती दूरवर जातो, हे इंग्रजी बायबलच्या इतिहासावरून दिसते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील सुधारित आवृत्तीने या दोन्ही ग्रीक शब्दांऐवजी 'समलिंगी' या अर्थाचा एकच आधुनिक शब्द योजला. १९७१ च्या आवृत्तीत तो बदलण्यात आला. कृतीविषयीचे वचन व्यक्तींच्या संपूर्ण वर्गाला लागू झाले, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता.

मराठीत नव्या कराराचा अनुवाद श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' वाचकांपर्यंत पोहोचले. करिंथकरांच्या पत्रातील ते दोन शब्द समोर आल्यावर प्रत्येक अनुवादकाला निर्णय घ्यावाच लागतो. शब्दाला शब्द दिला तर अर्थ धूसर राहतो आणि अर्थ उघड केला तर एका बाजूचा कौल दिल्यासारखे होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील प्रसंगही या संदर्भात सांगितला जातो. फिलिप्पाने बाप्तिस्मा दिलेल्या हबशी अधिकाऱ्याला प्रचलित मराठी बायबलमध्ये 'षंढ' म्हटले आहे. आजच्या मराठीत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. अनुवाद २३:१ मध्ये अशा व्यक्तींना मंडळीत प्रवेश नाकारला असून यशयाच्या ५६ व्या अध्यायात देव त्यांना आपल्या मंदिरात स्थान देण्याचे अभिवचन देतो. वगळण्याच्या नियमाकडून स्वीकाराकडे होणारा हा प्रवास समावेशक भूमिकेचे अभ्यासक महत्त्वाचा मानतात. तथापि, या वचनांत विवाहाचा उल्लेख नाही, असे पारंपरिक अभ्यासकांचे म्हणणे आहे.

नागपूर आणि बंगळूर

भारतातील प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चना एकत्र आणणाऱ्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेने मानवी लैंगिकता आणि लिंगवैविध्य या विषयांवर चर्चासत्रे घेतली व स्वतंत्र राष्ट्रीय मंच स्थापन केला. २०१७ मध्ये चर्चसाठी या विषयावरील मार्गदर्शक ग्रंथही प्रसिद्ध झाला. मात्र परिषदेची भूमिका सदस्य चर्चवर बंधनकारक नसते. या विचारमंथनाचा अर्थ सदस्य चर्चनी समलिंगी विवाह स्वीकारला, असा होत नाही.

बंगळूर हे या अभ्यासाचे दुसरे केंद्र. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय आणि १९१० मध्ये स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज याच शहरात आहे. धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठीच्या येथील ख्रिस्ती संस्थेने चर्चमधील समलिंगीद्वेषाची चिकित्सा करणारा निबंधसंग्रह २०१५ मध्ये प्रसिद्ध केला होता.

जगभरातील चित्र

अँग्लिकन बिशपांच्या १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेने समलिंगी आचरण पवित्र शास्त्राशी विसंगत असल्याचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत केला होता. तथापि, अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने २०१५ मध्ये समलिंगी विवाहविधीला अनुमती दिली. स्वीडनच्या चर्चने हा निर्णय २००९ मध्येच घेतला होता. अमेरिकेतील युनायटेड मेथॉडिस्ट चर्चने मे २०२४ मध्ये आपले निर्बंध हटविले. त्याआधी हजारो मंडळ्या त्या चर्चमधून बाहेर पडल्या होत्या.

व्हॅटिकनने १८ डिसेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रात समलिंगी जोडप्यांना उपासनाविधीबाहेर साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. हा आशीर्वाद विवाहविधीसारखा भासू नये, अशी अट त्यात आहे. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातच होतो, ही शिकवण कायम ठेवण्यात आली. आफ्रिकेतील बिशपांनी असे आशीर्वाद देणे आपल्याकडे उचित ठरणार नाही, असे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले.

कायद्याबाहेरचे जोडपे

सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरती मर्यादित ठेवण्यात आली होती. धर्मांचे व्यक्तिगत कायदे विचारार्थ घेतले गेले नाहीत. चर्चमधील विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये होतात. म्हणजेच निकाल याचिकाकर्त्यांच्या बाजूने लागला असता, तरी कोणत्याही चर्चवर समलिंगी विवाह लावण्याची सक्ती त्यातून आली नसती.

विवाहाच्या मान्यतेवर अनेक दैनंदिन हक्क अवलंबून असतात. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांचेच उदाहरण घेता येईल. तेथील कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेला असेल, तर त्याच्या पत्नीला उपचार मिळतात. समलिंगी जोडीदाराला विवाहाचा दाखलाच मिळू शकत नसल्याने पती किंवा पत्नी म्हणून हा लाभ घेता येत नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी कुटुंबीयांचे नामनिर्देशन करतानाही हीच अडचण येते.

न्यायालयाच्या सूचनेनुसार केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास कोणतीही आडकाठी नसल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबाचे घटक मानावे, असेही राज्यांना कळविण्यात आले.

विवाहाची धार्मिक व्याख्या न बदलता या नागरी सवलतींना चर्च पाठिंबा देऊ शकेल काय, हा प्रश्न पुढे येतो. दोन्ही बाजूंना मान्य असलेला एक मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात समलिंगी कृती अमान्य करण्यात आल्या आहेत. परंतु अशा व्यक्तींशी आदराने व करुणेने वागावे आणि त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभाव टाळावा, असेही त्यात बजावले आहे. रोमकरांच्या पत्रातील वादग्रस्त वचनांनंतर लगेचच, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, पौल इतरांना दोष देणाऱ्या वाचकाकडे वळतो आणि त्यालाही सबब उरलेली नाही, असे बजावतो. वचनाच्या अर्थाविषयी वाद असला, तरी या पुढच्या ओळी दोन्ही बाजूंना तितक्याच लागू होतात.