पन्नास डॉलरचं कार्ड आणि जेफरसन बर्डिक

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत एका जुन्या कार्डाची खाजगी विक्री झाली. किंमत ७२ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे आपले पन्नास कोटी रुपये सहज ओलांडले. कार्ड केवढं, तर जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडं उंच. त्यावर होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं रंगीत चित्र. सिगारेटच्या पाकिटात ते फुकट मिळायचं! माझ्या भाच्याने बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, माळ्यावरचे काडेपेट्यांचे छाप टाकू नकोस हं." टाकलेले नाहीत, पण आजचा विषय तो नाही.

माझं लक्ष किमतीपेक्षा नावावर अडलं. जाणकार या कार्डाला 'टी-२०६ वॅग्नर' म्हणतात. मला वाटलं, कारखान्याचा काही क्रमांक असेल. पण १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने ही कार्डं काढली तेव्हा त्यांना असं काही नाव नव्हतं. ते दिलं सिराक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडणाऱ्या एका साध्या माणसाने. जेफरसन बर्डिक त्याचं नाव, जन्म १९००चा.

आधी कार्डांबद्दल थोडं सांगते. तेव्हा सिगारेटची पाकिटं पातळ कागदाची असत आणि आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. १८८०च्या दशकात त्यावर चित्रं छापायची टूम निघाली. नट्या, पक्षी, मुष्टियोद्धे, बेसबॉलपटू, काहीही. संच पुरा करायचा तर तीच सिगारेट पुन्हा घ्यायची, हे त्यातलं व्यापाराचं गणित. ही रंगीत शिळाछपाई आपल्याकडेही होतीच. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथून आल्या. १९७२ साली तो छापखाना आगीत सापडला. त्यात काय काय गेलं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बर्डिकला तरुणपणीच संधिवाताने गाठलं. लग्न केलं नाही. पगार बेताचा. त्यात हा माणूस जुनी कार्डं, दुकानांच्या जाहिरातींची चित्रं, पोस्टकार्डं, सिगारवरच्या पट्ट्या गोळा करत बसला. शोधायचं कसं? सगळं टपालाने. १९३७ मध्ये त्याने संग्राहकांसाठी एक छोटं पत्रक सुरू केलं आणि गावोगावच्या अशाच वेड्यांना एकमेकांशी जोडलं. तुझ्याकडे दोन असतील तर एक मला दे, माझ्याकडचं जादा तुला. नव्वदच्या दशकात बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं माझ्या वर्गातली मुलं बाकाखालून अशीच बदलून घेत. सचिनच्या एका चित्राला इतरांची पाच, हा साधारण भाव असे.

पण नुसतं गोळा करणं वेगळं आणि लावणं वेगळं. कोणत्या कंपनीने, कोणत्या काळात, किती चित्रांचा संच काढला, याची नोंद कुठेच नव्हती. बर्डिकने ती केली. १९३९ मध्ये पहिली सूची स्वतःच प्रसिद्ध केली, पुढे १९४६, १९५३ आणि १९६० मध्ये ती वाढवून काढली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'एन', विसाव्या शतकातल्यांना 'टी', गोळ्या-बबलगमच्या नव्या कार्डांना 'आर', आणि पुढे आकडा. आजही लिलावात हीच अक्षरं चालतात.

त्याच्या सूचीत वॅग्नरची किंमत होती पन्नास डॉलर, आणि तीच सगळ्यांत मोठी! वॅग्नरचं कार्ड लवकर बंद झालं. कोणी म्हणतं, मुलांनी आपल्यासाठी सिगारेट घेऊ नये असं त्याला वाटलं. कोणी म्हणतं, पैशांवरून बिनसलं. तो स्वतः तंबाखू खात असे, त्यामुळे पहिल्या कथेवर माझा पुरता विश्वास बसत नाही. आज अशी पन्नास-साठ कार्डं शिल्लक आहेत. त्यातलं एक १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्याआधी ते ज्याच्या हातातून गेलं होतं त्या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं, की कडा नीट दिसाव्यात म्हणून आपण कार्ड कापलं होतं. उलट टॉप्स कंपनीच्या साय बर्जर यांनी १९५२ची न खपलेली कार्डं १९६०च्या सुमारास होडीत भरून समुद्रात टाकली, ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. त्याच १९५२च्या मालिकेतलं मिकी मॅन्टलचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

बर्डिकने विकलं नाही. १९४७च्या अखेरीस त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विचारलं, माझा संग्रह घेता का? तिथल्या छापील चित्रांच्या विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी होकार दिला, पण अट घातली की लावून द्यायचं काम तुम्हीच करायचं. कार्डं तीन लाखांहून अधिक, त्यात बेसबॉलची तीस हजारांवर! बोटं वाकडी झालेला माणूस वर्षानुवर्षं एकेक कार्ड वहीत चिकटवत राहिला. १९५९ मध्ये नोकरी सोडून तो न्यूयॉर्कलाच राहायला आला. संग्रहालयाने कोपऱ्यात एक छोटं टेबल दिलं होतं. चिकटवलेल्या कार्डाला आजचे व्यापारी नाक मुरडतात. वॅग्नर मात्र त्या संग्रहात आहे, आणि कोणालाही विकत मिळणार नाही.

१० जानेवारी १९६३ ला संध्याकाळी शेवटची वही संपली. एकूण ३९४ वह्या. आता मी परत येणार नाही, असं सांगून तो उठला. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला, आणि १३ मार्चला गेला.