दूषित हवेची कैफियत

श्रोतेहो, विज्ञानाच्या इतिहासात विजेत्यांचे पोवाडे पुष्कळ झाले. आज आम्ही एका पदच्युत राणीची कैफियत आपणांपुढे मांडणार आहोत. तिचे नाव दूषित हवा. दलदलीतून, गटारांतून, कुजलेल्या पदार्थांतून विषारी वाफ उठते आणि तीच माणसाला रोग होऊन ग्रासते, असा हा सिद्धांत. हिपोक्रेटिसच्या परंपरेपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात तिचीच सत्ता होती. ‘मलेरिया’ या शब्दात ती अजून नांदते. इटालियन भाषेत त्याचा मूळ अर्थच मुळी ‘वाईट हवा’.

तिच्यावरील आरोप मनुष्यहत्येचा आहे. लंडनमध्ये एडविन चॅडविक हा तिचा मोठा कारभारी. गरिबांच्या वस्त्यांतील घाण त्याने 1842 च्या अहवालात सरकारपुढे मांडली, हे त्याचे पुण्य. पण दुर्गंधी हटली की रोग हटला, ही त्याची श्रद्धा. म्हणून घराघरांतील मैला गटारांवाटे थेम्स नदीत लोटण्यात आला. आणि पुष्कळ लंडनकर त्याच नदीचे पाणी पीत होते! 1848-49 च्या पटकीत तेथे सुमारे 14 हजार माणसे दगावली. रोग पाण्यातून येतो, असे डॉ. जॉन स्नो यांनी 1849 मध्ये सांगितले, आणि 1854 मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतालचे मृत्यू मोजून दाखवले. पंपाचा दांडा निघाला. पण राणीच्या दरबारी त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. स्नो यांच्यापाशी मोजदाद होती, राणीपाशी नाक होते. जून 1858 मध्ये स्नो वारले.

आता तिचा बचाव ऐकावा. त्याच उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटात शिरली, आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. जोसेफ बॅझलगेट यांनी मैला शहराच्या पूर्वेस दूर नेणारी गटारे बांधली. घालवायचा होता वास, गेली पटकी. 1866 ची साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये पसरली, कारण तेथील काम अपुरे होते. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवला तो पुढे, 1884 मध्ये.

आपल्या मुंबईतही राणीचा अंमल दिसला. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये 1894 सालीच सापडला होता. तरी 1896 ची साथ येताच मुंबईत गटारे धुतली गेली, हवा-उजेडासाठी छपरे उघडली गेली. उंदरांच्या पिसवांचा माग पॉल-लुई सिमों यांना कराचीत 1898 साली लागला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आखला. रस्ता चांगलाच झाला. प्लेगचे कारण मात्र वेगळे होते.

मग निवाडा काय? चांगली गटारे बांधली म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही. त्याच सिद्धांताने आधी नदीत विष कालवले होते. परंतु पदच्युत राणीचा तिरस्कारही आंधळा असू नये. 2020 मध्ये, साथीच्या आरंभी, कोविड हवेतून पसरत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. पुढे तिला मत बदलावे लागले. सिंहासनावर कोणीही असो, स्नोसारखी मोजदाद करणाऱ्याला दरबारात जागा हवी. ती नाकारली की किंमत पाणी भरणाऱ्या गरिबाला द्यावी लागते.