मढ ते गोराई: रिसॉर्टमध्ये राहणाऱ्या जोडप्यांचे हक्क काय आहेत?

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा आणि तिथून फेरीबोटीने मढ. मालाडहून मार्वे आणि आक्सा. मार्वेची खाडी ओलांडली की मनोरी, बोरिवलीकडची खाडी ओलांडली की गोराई. उपनगरांतल्या जोडप्यांना एका सुट्टीत गाठता येतील असे हे समुद्रकिनारे. वन रूम किचनमध्ये सगळ्या कुटुंबासोबत राहणारे नवरा-बायको असोत किंवा लग्न न झालेलं जोडपं असो, थोडा निवांत वेळ मिळावा म्हणून अनेक जण इथे खोली घेतात. पण काउंटरवर प्रश्न येतो, "मॅरेज सर्टिफिकेट आहे का?" किंवा सांगितलं जातं, "लोकल आयडी चालणार नाही."

यातलं कायद्याने बंधनकारक काय आणि हॉटेलने स्वतः ठरवलेलं काय, हे समजून घेऊ.

२०१५ मध्ये काय घडलं होतं?

६ ऑगस्ट २०१५ रोजी मालवणी पोलिसांनी मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकले. सुमारे ४० जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. बहुतेकांवर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याबद्दल, कारवाई झाली आणि १,२०० रुपये दंड आकारला गेला. पालकांना फोन करायला लावल्याची तक्रारही काहींनी केली. यावर मोठी टीका झाली आणि तत्कालीन पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी चौकशीचे आदेश दिले.

वादाचा मुद्दा साधा होता. कलम ११० रस्ता, सार्वजनिक ठिकाण किंवा तिथून दिसेल अशा वर्तनासाठी आहे. पैसे भरून घेतलेली, दार बंद असलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी ठरेल?

लग्न झालेलं नसेल तर खोली घेता येते का?

येते. दोघंही १८ वर्षं पूर्ण केलेले असतील आणि दोघांची संमती असेल, तर हॉटेलच्या खोलीत एकत्र राहणं गुन्हा आहे असं सांगणारा कोणताही कायदा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुशबू प्रकरणात, सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, असं स्पष्ट केलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये समलिंगी संबंधही गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. कोईमतूरमधलं एक लॉज अविवाहित जोडपं आढळल्याने सील करण्यात आलं होतं. त्या प्रकरणी मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये म्हटलं की, अविवाहितांनी हॉटेलमध्ये एकत्र राहण्यावर बंदी घालणारा कायदाच नाही. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला, तरी दाखला म्हणून मांडता येतो.

दोघांपैकी एकजण १८ वर्षांखालील असेल तर मात्र पोक्सो कायदा लागू होऊ शकतो. तिथे संमतीचा बचाव चालत नाही.

मग हॉटेल नकार देऊ शकतं का?

इथेच गोंधळ होतो. राहणं गुन्हा नाही, याचा अर्थ प्रत्येक हॉटेलला खोली द्यावीच लागते असा होत नाही. राज्यघटनेच्या कलम १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून हॉटेलमध्ये प्रवेश नाकारता येत नाही. 'विवाहित नसणे' या यादीत नाही. त्यामुळे काही हॉटेलं स्वतःचा नियम करतात. जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठमधल्या हॉटेलांसाठी असाच बदल जाहीर केला होता.

'लोकल आयडी नको' हाही असाच हॉटेलचा नियम. बोरिवलीच्या माणसाने गोराईत राहू नये असा कायदा नाही. पण काउंटरवर वाद घालण्यापेक्षा पैसे भरण्याआधी विचारलेलं बरं.

ओळखपत्र मात्र दोघांनाही दाखवावं लागतं. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड आधार' सोबत ठेवा.

पोलीस आले तर?

शांत राहा, ओळखपत्र आणि बुकिंगची पावती दाखवा आणि कोणत्या कलमाखाली कारवाई होत आहे ते विचारा. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती घेताना किमान दोन महिला पोलीस सोबत असाव्या लागतात. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अटक झाल्यास नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा हक्क आहे.

'दंड भरा आणि सुटा' असं म्हटलं की घाबरून पैसे भरले जातात. पण गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाशी बोला. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मिळते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

किनारा मात्र सार्वजनिक जागा आहे. तिथल्या अश्लील वर्तनाला भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागू होऊ शकतं.

'सगळं धरून' म्हणजे काय काय?

एकाच दरात खोली, जेवण, पेयं आणि खेळ देणारी 'ऑल इन्क्लुझिव्ह' रिसॉर्ट्स कॅरिबियन बेटांवर फोफावली. जमैकातल्या माँटेगो बे इथे १९८१ मध्ये सुरू झालेलं सँडल्स तर फक्त जोडप्यांसाठीच होतं. आपल्याकडच्या 'सगळं धरून' पॅकेजमध्ये बहुधा खोली, चहा-नाश्ता आणि जेवण एवढंच असतं. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी परवाना व वयाची अट आहे. त्यामुळे त्याचं बिल सहसा वेगळं येतं.

बिलात आपोआप लावलेलं सेवाशुल्क भरणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या आहेत.

बुकिंगआधी हे लेखी विचारा

अविवाहित जोडप्याला खोली मिळेल का? मुंबईच्या पत्त्याचं ओळखपत्र चालेल का? दरात कोणती जेवणं आणि कर धरले आहेत? खोली नाकारली तर आगाऊ रक्कम किती दिवसांत परत मिळेल?

उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर घ्या. आधी होकार देऊन आयत्या वेळी खोली नाकारली आणि पैसेही अडवले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. तेव्हा तो लेखी होकार हाच तुमचा पुरावा असतो.