पाहुणा कोण, यजमान कोण?

ऑस्ट्रेलियात ‘स्टेशन’ म्हटले की आगगाडी डोळ्यांसमोर आणू नये. तेथे स्टेशन म्हणजे लाखो एकरांचे गुरांचे कुरण आणि त्यात मालकाचे एकुलते एक घर. शेजारी कित्येक मैल दूर. दारी आलेल्या वाटसरूला पाणी, चहा व जेवण नाकारायचे नाही, हा तिथला अलिखित नियम. पाहुण्यानेही काही पथ्ये पाळायची. कुरणाचे फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंदच ठेवायचे, पाणी जपून वापरायचे, खारवलेले गोमांस, राखेत भाजलेली जाडजूड भाकर व काळा चहा यांत समाधान मानायचे. उत्तरेत पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की चार दिवसांचा पाहुणा घरचाच होऊन जाई.

वायव्येच्या किंबर्ली प्रदेशातील आर्गाइल डाऊन्स हे असेच एक स्टेशन. ते वसविणारे ड्युरॅक घराणे आयरिश कॅथलिक. घराण्याचे कर्ते पॅट्रिक ड्युरॅक यांचा जन्म १८३४ साली क्लेअर परगण्यात झाला. दुष्काळाने खंगलेला आयर्लंड सोडून हे कुटुंब १८५३ साली ऑस्ट्रेलियात आले व पुढे क्वीन्सलँडमध्ये स्थिरावले. १८८३ मध्ये घराण्यातील माणसे ७,२५० गुरे व २०० घोडे घेऊन किंबर्लीकडे निघाली. सुमारे ३,००० मैलांची ही वाटचाल सव्वादोन वर्षांहून अधिक काळ चालली. सप्टेंबर १८८५ मध्ये ऑर्ड नदी गाठली, तेव्हा जवळजवळ निम्मी गुरे दगावली होती. पॅट्रिक यांची नात मेरी ड्युरॅक हिने १९५९ साली ‘किंग्ज इन ग्रास कॅसल्स’ या ग्रंथात ही कहाणी सांगितली.

परंतु ऑर्डचा काठ निर्मनुष्य नव्हता. ती मिरिवुंग, गजेराँग आदी आदिवासींची पूर्वापार भूमी. किंबर्लीत भाले व बंदुका यांचा संघर्ष पेटला, कत्तली झाल्या. पुढे त्याच आदिवासींच्या घोडेस्वारीवर व कष्टांवर स्टेशने उभी राहिली. मोबदला म्हणून त्यांना बहुधा अन्न, वस्त्र व तंबाखू एवढेच मिळे. १९६८ साली समान वेतनाचा निर्णय लागू झाला, तेव्हा अनेक मालकांनी वेतन देण्याऐवजी त्यांना कुटुंबांसह बाहेर काढले. वाटसरूला विन्मुख न पाठविणाऱ्या प्रदेशात भूमिपुत्रच बेघर झाले!

ऑर्डवरील धरणामुळे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आर्गाइलचे कुरण जलाशयाखाली गेले. ड्युरॅकांच्या घराचे दगड मात्र उचलून नेण्यात आले. त्यांतून पुन्हा उभारलेल्या घरात आज संग्रहालय आहे. आदिवासींची पवित्र स्थळे अशी उचलून नेता येण्याजोगी नव्हती. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २००३ साली मिरिवुंग-गजेराँग लोकांच्या पारंपरिक भूमिहक्कास मान्यता मिळाली.

परक्या जमीनदाराच्या भूमीवर कूळ म्हणून राहण्याचे दुःख आयरिश माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले होते. तरीही नव्या देशात आपणच आगंतुक आहोत, हे त्याला उमगले नाही. परक्याला आसरा देणे हा ख्रिस्ती धर्माचरणाचा गाभा खरा. पण आसरा देण्यापूर्वी, हे घर कोणाच्या अंगणात उभे आहे, एवढे तरी विचारायला हवे.